दोष टाचण्यांचाच

२ फेब्रुवारी, सोमवार

‘तोंडात टाचण्या असल्या की बाईला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.’ मावशीचं वाक्य. तिच्याकडे शिवण शिकायला गेले त्या पहिल्या दिवशी म्हणाली होती. तेव्हा मी शाळकरी होते. मला वाटलं, ती शिवणाबद्दलच बोलतेय.

आज ते वाक्य कामी आलं. ट्रायलला आलेल्या बाई स्वतःचा झगा बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी विचारलंच, ओठाला काय झालं हो तुमच्या. माझ्या ओठांत टाचण्या. मी मान हलवली. असल्या मान हलवण्याचा काहीही अर्थ होतो. त्यांनी त्यांना हवा तो घेतला.

झालंय काही नाही. खालचा ओठ लाल, थोडा सुजलेला, सालं निघतात. डावीकडे एक पांढरट ठिपका आहे, बाळाच्या कपड्याला लावतात तसल्या बटणाएवढा. थंडीचा परिणाम. आहे गेल्या उन्हाळ्यापासून; उन्हाळ्यात थंडी नसते हे मान्य, पण दुकानात पंखा असतो.

ही वही ओठ बरा होईपर्यंतच. काय लावलं, काय खाल्लं, सगळं लिहायचं. कारण सापडलं की उपाय सोपा. आठवडाभर लिहावं लागेल फार तर. म्हणून पातळच वही घेतली.

४ फेब्रुवारी, बुधवार

कारण सापडलं. टूथपेस्ट. पुदिन्याची आहे, झोंबते. नळी फेकली नाही, बेसिनवर नवऱ्याच्या बाजूला सरकवली. त्याचे ओठ ठणठणीत आहेत. मी लहान मुलांची आणली, स्ट्रॉबेरीच्या चवीची. दात घासताना फार प्रसन्न वाटलं.

दुकानात वन्संना सांगितलं. वन्सं, म्हणजे माझी नणंद, माझ्या समोरच्या मशीनवर बसतात. काज, बटणं आणि दुमडी त्यांच्याकडे. बोलायचं खातंही त्यांच्याकडेच. म्हणाल्या, वहिनी, पेस्ट दाताला लावतात गं, तू काय ओठाला लावत होतीस?

मी टाचण्या तोंडात घेतल्या आणि कामाला लागले.

७ फेब्रुवारी, शनिवार

मध. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. अडचण एकच, तो चाटला जातो. चाटला की परत लावायचा, लावला की परत चाटला जातो. अर्धी बाटली संपली, म्हणजे उपचार जोरात चालू आहेत. ओठ जास्त लाल दिसतोय. रक्तपुरवठा सुधारला असणार.

८ फेब्रुवारी, रविवार

मध बंद. उशीवर मुंग्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मोठं काम आलं. कोपऱ्यावर नवीन हॉटेल उघडतंय, तिथल्या सगळ्या लोकांचे कोट आमच्याकडे. मॅनेजर स्वतः माप द्यायला आला. अंगावर एक सुरकुती नाही. बोलण्यातही नाही. तो दाराबाहेर पडायच्या आत वन्संनी त्याचं नाव ‘इस्त्री’ ठेवलं. मार्चअखेर सगळे कोट हवेत, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला. मी हो म्हटलं. एवढं काम हातात असताना माणूस आजारी पडूच शकत नाही.

संध्याकाळी नवऱ्याने ओठ बघायला मागितला. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कामाचा टॉर्च घेऊनच आला, मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, हनुवटी वर केली. म्हणाला, दुखतं का? मी सांगितलं, बाकीचा ओठ चुरचुरतो, ठिपका मात्र अजिबात दुखत नाही. मला वाटलं, ऐकून त्याला बरं वाटेल. तो म्हणाला, लिफ्टचा दोर आतून तुटत असतो ना, तेव्हा आवाज करत नाही.

या माणसाला दुसरे दाखलेच सुचत नाहीत.

मग टॉर्च बंद करून तसाच उभा राहिला. सेल गेले वाटतं, म्हणाला. सेल परवाच मी आणलेत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्संनी फसवून डॉक्टरकडे नेलं. अस्तराचं कापड बघायला चल म्हणाल्या. कापडाच्या दुकानाच्या वर दवाखाना आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांना होतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई. माझ्याच वयाच्या असतील, पण केस छान ठेवलेत. काय काम करता विचारलं. सांगितलं. टाचण्या कुठे धरता, दाखवा म्हणाल्या. मी त्यांच्या टेबलावरची कापसाची काडी ओठांत धरून दाखवली, उजव्या कोपऱ्यात, नेहमीसारखी. त्यांना फार रस वाटला. म्हणाल्या, टाचण्यांवर निकेलचा मुलामा असतो, कित्येकांना तो सोसत नाही. ओठांत खिळे धरणारे सुतारही येतात त्यांच्याकडे. ही लाली, ही सालं त्यामुळे असू शकतात. शिवाय दोरा ओल्या ओठाने ओला करायचा, दाताने तोडायचा, सारखा ओठ चाटायचा, हे सगळं बंद.

एवढं सगळं एका कापसाच्या काडीवरून ओळखलं. हुशार बाई.

नंतर हातमोजा घालून ठिपका दोन बोटांत धरून दाबला. दुखतं का? मी अभिमानाने नाही म्हटलं. त्यांनी हसायला हवं होतं. परत दाबला, या वेळी हळू. मग हनुवटीखाली, जबड्याखाली, गळ्यापर्यंत बोटांनी चाचपत गेल्या. मी म्हटलं, कॉलरचं माप घेताय की काय. वन्सं एरवी असल्या गोष्टीला हसतात.

शेवटी म्हणाल्या, हे मलम लावा, साधी पेट्रोलियम जेली लावा, टाचण्या महिनाभर पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण. लाली जाईल. ठिपका गेला तर उत्तम. नाही गेला, तर त्यातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू.

यातलं मी मुख्य तेवढं लक्षात ठेवते: टाचण्यांमुळे असू शकतं. बाकीचं डॉक्टरी अस्तर. ते आतच असतं, वरून दिसत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून टाचण्या बंद. कायमच्या.

वन्संनी मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी शिवून आणली. लाल मखमल, आत भुसा, खाली इलॅस्टिक. मखमल त्यांच्या जुन्या ब्लाउजची. म्हणाल्या, हात पुढे कर, आणि घड्याळासारखी बांधली. खूप सोयीची आहे. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही.

संकल्प: १. टाचणी ओठांना लागणार नाही. २. दोरा कात्रीने. ३. कोण काय विचारेल त्याला तोंडाने उत्तर.

१६ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प एक आणि दोन व्यवस्थित. तीन अवघड जातोय. तोंड रिकामं दिसलं की लोक विचारतातच. सकाळपासून चौघींनी विचारलं. चौथीला मी सांगितलं, मधमाशी चावली. वन्संनी मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं.

मधाचा संबंध होताच तसा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

काचेच्या डोक्याच्या टाचण्या आणल्या. काच हा काही धातू नव्हे. डॉक्टरीणबाईंनी काचेबद्दल चकार शब्द काढलेला नाही. वन्सं जेवायला गेल्या तेवढ्या वेळात वापरल्या. कोटाची बाही बसवताना दोन्ही हात खांद्यावर लागतात, मनगट वळत नाही, उशी मागे जाते. हे ज्यांनी बाही बसवली नाही त्यांना कळायचं नाही. महिनाभर पूर्ण बंद म्हणजे, माझ्या मते, शक्य तेवढं बंद.

वन्सं आल्या तेव्हा टाचण्या उशीत. मखमलीत काचेची डोकी फार शोभतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

विजय. लाली गेली. सूज गेली. सालं थांबली. मलमाने केलंच शेवटी. ओठ आरशात धरून कितीतरी वेळ बघितला, पंचविशीतल्यासारखा दिसतो.

फक्त ठिपका आहे. बाकीचा ओठ नितळ झाल्याने आता तो उठून दिसतो एवढंच. कापड धुतलं की जुना डाग ठळक होतो तसं. डाग काही वाढलेला नसतो.

नवऱ्याला दाखवला. म्हणाला, छान. आणि परत टॉर्च आणायला निघाला. मी म्हटलं, राहू दे. भाजी करपतेय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज वन्संनी नको ते लक्षात आणून दिलं.

हॉटेलच्या दरवानाची ट्रायल चालू होती. धिप्पाड माणूस, स्टुलावर चढून खांदे टाचावे लागले. तो गेल्यावर वन्सं काज करता करता म्हणाल्या, वहिनी, तू टाचण्या धरायचीस त्या उजव्या कोपऱ्यात ना? मी हो म्हटलं. मग ठिपका डावीकडे कसा गं?

मी म्हटलं, तुम्ही मला आरशात बघत असता, आरशात उलटं दिसतं. त्या म्हणाल्या, बरं. त्या ‘बरं’ म्हणतात तेव्हा त्यांचं काहीच बरं नसतं.

त्या पाणी प्यायला आत गेल्यावर तीन पाखांच्या आरशासमोर उभी राहिले आणि टाचण्या ओठांत धरून खात्री केली. आरशात टाचण्या एका बाजूला, ठिपका दुसऱ्या. मग आरशाकडे पाठ करून बोटाने चाचपलं. तरी तसंच. आरसा उलटं करतो, पण दोन्ही गोष्टी उलट्या करतो, हे इतकी वर्षं आरशासमोर काम करून आज कळलं.

विषय बंद केला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

विचार केला. एकाच बाजूला टाचण्या धरून त्या बाजूवर ताण येतो. कुठल्याही गोष्टीत समतोल हवा. आजपासून डावीकडे धरणार.

सवय नाही, लाळ गळते. पण येईल जमायला.

२ मार्च, सोमवार

डावीकडचं जमलं. टाचण्या आता नेमक्या ठिपक्यावर बसतात. मन फार शांत झालं. आता कुणीही बघितलं तरी म्हणेल, टाचण्यांचंच काम आहे हे. दुसरं काय असणार?

वन्सं घरी दुमडी करायला कोट घेऊन गेल्यात, त्यामुळे दुकानात मी एकटीच. बाहेर रस्त्यावर कुणाचं तरी सामान उतरवत होते, पलंग, कपाटं. कपाटाच्या आरशात आमचं दुकान क्षणभर दिसलं आणि दुकानात एक बाई, खाली मान घातलेली, तोंडाला टाचण्या. आधी वाटलं मावशी आहे.

संध्याकाळी वन्सं कोट द्यायला आल्या आणि तिचाच विषय काढला. त्यांना कसं कळतं कोण जाणे. म्हणाल्या, तुझी शिवणाची मावशी कशाने गेली गं? मी म्हटलं, वय झालं होतं. किती होतं? मी म्हटलं, एकसष्ट. म्हणाल्या, एकसष्ट म्हणजे वय होत नाही, मी आहे अठ्ठावन्नची. आणि शेवटी शेवटी ती तोंडाला रुमाल लावून बसायची ना, तुझ्या लग्नाच्या फोटोत पण तशीच आहे. मी सांगितलं, तिला सर्दी फार. वर्षभर? हो, वर्षभर. जुनाट सर्दी होती तिची.

वन्संनी कोटाची घडी घातली, मोडली, परत घातली.

५ मार्च, गुरुवार

मावशीला खरंच सर्दी होती. मला आठवतं. शिंकताना ऐकलेलं आठवत नाही, पण सगळंच कुठे आठवतं.

९ मार्च, सोमवार

ठिपका आता शर्टाच्या बटणाएवढा आहे. शर्टाची बटणं हल्ली लहान येतात.

कडेला थोडा जाड लागतो. जीभ सारखी त्याच्याकडे जाते, जाऊ नये असं ठरवलं तरी. झोपेतही जात असणार, कारण उठते तेव्हा जीभ तिथेच असते.

नवरा सकाळी माझ्या कपातला उरलेला चहा प्यायला, पूर्वी प्यायचा तसा. मी ओढून घेतला कप. म्हणाला, अगं, हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. मी म्हटलं, होत नाही हे तुला कसं माहीत? तो चपला शोधायला लागला. म्हणजे हा कुणाला तरी विचारून आलाय. लिफ्टच्या एखाद्या इमारतीत डॉक्टर राहत असणार.

काय विचारलं, काय म्हणाले, मी विचारलं नाही. कोटांचं काम फार आहे.

१३ मार्च, शुक्रवार

दवाखाना. तयारी करून गेले होते. डॉक्टरीणबाई विचारतील तेव्हा काय सांगायचं, ते जिन्यात मनात म्हणून बघितलं. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी ताठ उभी राहिले. शाबासकी मिळणार याची खात्री होती.

लाली गेली, छान, म्हणाल्या. मग टाचण्या? मी म्हटलं, बंद. पूर्ण? पूर्ण. एकदाही नाही? मी मनगटावरची मखमली उशी पुढे केली, मुद्दाम बांधून गेले होते. म्हटलं, एकदाही नाही, विचारा यांना. वन्सं शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी इतक्या विश्वासाने मान हलवली की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

म्हणाल्या, मग टाचण्यांचा दोष नाही म्हणायचा.

मी म्हटलं, आहे ना. असणारच. त्या म्हणाल्या, महिनाभर टाचणी लागली नाही, बाकीचा ओठ बरा झाला, ठिपका उलट वाढलाय आणि कडा घट्ट झाल्यात. आता थांबायचं नाही. पुढच्या आठवड्यात तुकडा काढू. भूल देऊन, दहा मिनिटांचं काम, एखाद-दुसरा टाका.

मी विचारलं, टाका कुठला घालता? त्यांना वाटलं मी घाबरून बोलतेय. मी कामाच्या उत्सुकतेने विचारलं होतं.

परत हनुवटीखाली चाचपलं. या वेळी एका जागी बोटं थांबली. मग पुढे गेली. थांबली होती की मला वाटलं, ते माहीत नाही. मला वाटलं असणार.

जिना उतरताना वन्संनी माझा हात धरला होता. मी म्हटलं, अहो, पडत नाही मी. त्या म्हणाल्या, मला धरायला काहीतरी पाहिजे म्हणून धरलाय.

१४ मार्च, शनिवार

शांतपणे विचार केला. चूक कुठे झाली ते कळलं. मी गुण मिळवायला गेले आणि फार जास्त मिळवले. थोड्या टाचण्या मान्य केल्या असत्या तर त्या म्हणाल्या असत्या, बघा, म्हणूनच बरा होत नाही; आणखी महिना देते. चांगुलपणाचं हे असं होतं.

उपाय सोपा आहे. खरं सांगायचं. खरं तर माझ्याच बाजूचं आहे.

१७ मार्च, मंगळवार

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मी खोटं बोलले, टाचण्या रोज तोंडात होत्या, रोज, दिवसभर. एवढ्या आनंदाने कबुली कुणी दिली नसेल. म्हटलं, तेव्हा आता तुकड्याची गरज नाही, महिनाभर खरंच बंद करून बघू.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग विचारलं, कुठे धरत होतात? मी म्हटलं, डावीकडे, बरोबर ठिपक्यावर. कधीपासून डावीकडे? मी म्हटलं, कायमच. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी मला तुम्ही उजवीकडे धरून दाखवलं होतं, मी लिहून ठेवलंय.

मग फार मऊ आवाजात म्हणाल्या, घाबरल्यावर माणसं असं करतात, तुम्ही एकट्या नाही. आज खोटं सांगताय की त्या दिवशी सांगितलंत, मला त्याने आता काही फरक पडत नाही. शुक्रवारी या.

खरं बोलले तर खोटी ठरले. यापेक्षा टाचण्या बऱ्या.

फोन ठेवला तर वन्सं दारात. सगळं ऐकलं त्यांनी. मला वाटलं बोलतील, ओरडतील, निदान टोमणा तरी मारतील. मशीनवर बसल्या आणि काज करायला लागल्या. दिवसभर दुकानात फक्त त्यांच्या मशीनचा आवाज. संध्याकाळी चहा आला तेव्हा माझ्या कपात स्ट्रॉ टाकली, ठिपक्याला चटका बसू नये म्हणून. तेवढंच बोलल्या, फुंकून पी.

गरम चहा स्ट्रॉने थेट घसाच भाजतो. पण प्याले सगळा.

२० मार्च, शुक्रवार

गेले नाही. कोट. इस्त्रीने उद्घाटन अलीकडे ओढलंय. दवाखान्यात कळवलं, पुढच्या शुक्रवारी नक्की. काम बुडवून उपचार करणं म्हणजे शिस्त नव्हे.

नवऱ्याला कोटाचं कारण सांगितलं. त्याने वाद घातला नाही. जेवून झाल्यावर माझ्या शेजारी जमिनीवर बसला आणि कोटांना बटणं लावायला लागला. बटण लावता येत नाही त्याला. दोरा पाळणा बांधल्यासारखा गुंडाळतो. मी म्हटलं, राहू दे, वन्सं करतील. तो म्हणाला, तुझं काम आठवडाभर आधी संपलं तर शुक्रवारी तुझ्याकडे कारण राहणार नाही ना.

त्याने लावलेली बटणं मी उसवली नाहीत. उसवायला हवीत, लोंबतात.

२४ मार्च, मंगळवार

हॉटेलात शेवटची ट्रायल. सगळे ओळीने उभे, नवे कोट, नव्या चकचकीत फरशीवर. इस्त्रीचा स्वतःचा कोट राहिला होता. आत पांढरा शर्ट. मी कॉलरपाशी टाचत होते, तोंडात टाचण्या, डावीकडे. तो आरशात बघून बोलत होता, पाहुणे येणार, फोटो निघणार. बोलता बोलता थांबला. म्हणाला, बाई, रक्त.

मला वाटलं त्याला टोचली. माफी मागायला तोंड उघडलं तर टाचण्या फरशीवर पडल्या. एक राहिली. ती ठिपक्यात उभी रुतली होती. रक्त हनुवटीवरून त्याच्या कॉलरवर पडलं होतं, चांगलं रुपयाएवढं. मला काही कळलंच नव्हतं. टाचणी उपटली तरी काही कळलं नाही. शेजारच्या कुणाच्या तरी ओठातून काढावी तसं.

 इस्त्रीने स्वतः खुर्ची आणली. इतक्या जवळून बघितल्यावर कळलं, माणूस तसा लहानच आहे, बावीस-तेविसाचा असेल. माझ्या तोंडाकडे बघत होता आणि कॉलरकडे बघायचं विसरला होता. म्हणाला, घरी कुणाला बोलावू का तुमच्या?

वन्संनी रुमाल दिला. मी तोंडाला लावला. समोर आरसा होता. मी रुमाल लगेच खाली घेतला, पण बघून झालं होतं.

टाचणी रुतून दुखलं नाही ही चांगली गोष्ट आहे. कातडी बळकट होत असणार. थंड पाणी आणि मीठ लावलं की रक्ताचा डाग निघतो, लगेच लावला तर.

२५ मार्च, बुधवार

डाग निघाला नाही. कॉलर नवीन शिवली.

तोंडात टाचणी घेतली नाही आज. कुणी सांगितलं नव्हतं. हात गेला उशीकडे, तिथून टाचणी उचलली, तोंडापर्यंत आली आणि परत गेली. दिवसभर असंच. दिवसभर तोंड रिकामं होतं आणि कुणीही काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वन्सं म्हणाल्या, उद्या दुकान मी बघते, तू निवांत पड. मी म्हटलं, शुक्रवार परवा आहे. म्हणाल्या, माहीत आहे. म्हणून उद्या.

२६ मार्च, गुरुवार

निवांत पडता येत नाही. घर झाडलं. नवऱ्याचे दोन शर्ट आखूड होते ते मोठे केले. त्याला उद्याची रजा मिळाली आहे. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला रजा कशाला, दहा मिनिटं. तो म्हणाला, दहा मिनिटं बाहेर कोण बसेल मग?

कोट सगळे पोचले. पैकी तीन कोटांची बटणं लोंबतात, ती तशीच गेली.

बसून सगळं परत वाचलं, तर एक गोष्ट लक्षात आली. इतके दिवस मी सांगत होते की दोष टाचण्यांचा. टाचण्या वीस-पंचवीस वर्षं उजवीकडे होत्या. उजवीकडचा ओठ आज कसा आहे? नितळ. मऊ. मलमाने तर अजूनच. म्हणजे माझ्या ओठात दोष नाहीच, उजवीकडच्या ओठात तर अजिबात नाही, आणि ओठ हा एकच असतो, डावा-उजवा आपण म्हणतो.

तुकडा पाहिजेच असेल तर द्यायला माझी ना नाही. टाकाही घाला. मी हलणार नाही, शिवणारी बाई आहे, सुई ओळखते. प्रयोगशाळेत कुणीतरी काचेखाली तो तुकडा बघेल आणि कागदावर लिहील, चांगला आहे. तेवढं एका ओळीचं हवंय. नवरा बाहेर बसलेला असेल, त्याला दाखवायला. वन्संना दाखवायला.

तेव्हा उद्या डॉक्टरीणबाईंना एकच विनंती करणार आहे. रागावू नका म्हणेन आधी. मग म्हणेन, तुकडा उजवीकडचा घ्या.